सही करण्याआधी भिंत ठोकून बघा

(मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी शारजातल्या लेबर कॅम्पच्या जेवणघरात आपल्या पोरांसमोर जे बोललो, ते इथे लिहून काढलं आहे. ज्यांना त्या दिवशी ड्युटी होती त्यांनी वाचावं, आणि खोलीत ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावं.)



ज्यांना ताट धुवायचं आहे त्यांनी धुऊन या, मी थांबतो. उद्या पहाटे बस आहे हे मला माहीत आहे, म्हणून लांबण लावणार नाही.

आज बोलायचं आहे ते जुन्या इमारतींच्या कामाबद्दल. इथे बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जण आता नव्या टॉवरवर नाहीत. कोणी देऱ्यात बाल्कन्या फोडतोय, कोणी करामात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतोय, कोणी टॉवरचे बाहेरचे पत्रे उतरवतोय, कोणी चिलरचे पाइप बदलतोय. गावाकडे फोनवर आपण सांगतो, "दुबईत बांधकामावर आहे." घरच्यांच्या डोळ्यांसमोर बुर्ज खलिफा येतो. प्रत्यक्षात आपण चाळीस-पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्या इमारतीच्या संडासाच्या पाइपाखाली बसलेले असतो.

हे काम कमी होणार नाही, वाढणारच आहे. ऐंशीच्या दशकात आणि त्याआधी इथे घाईघाईने जे बांधलं गेलं, ते आता दुरुस्तीला आलं आहे. वर वीज-पाणी वाचवायचं धोरण आहे. दुबई सरकारच्या एतिहाद एस्को कंपनीने 2030 पर्यंत तीस हजार इमारती सुधारायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. एसीची यंत्रणा, दिवे, पाण्याचे पंप, सगळं बदलायचं. म्हणजे तुमच्या-माझ्या पुढच्या कितीतरी वर्षांची रोजी जुन्या इमारतीत आहे.

आणि जुनी इमारत नव्या इमारतीपेक्षा जास्त धोक्याची असते. नव्या इमारतीत काय घातलंय ते आपणच घातलेलं असतं. जुनीच्या पोटात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. माझ्या डिप्लोमाच्या तीन वर्षांत नवीन इमारत उभी करायला शिकवलं. जुनी कशी सांभाळायची, हे मी इथे येऊन शिकलो. त्यातलं थोडं एका पोराच्या पायाच्या किमतीत शिकलो. ते पुढे सांगतो.

इमारत आजारी कशी पडते

आधी हे समजून घ्या, कारण कारण कळलं की धोका कळतो.

काँक्रीटच्या आत सळई असते. काँक्रीट नवीन असतं तेव्हा त्यातलं सिमेंट सळईभोवती एक कवच धरून ठेवतं, म्हणून ती गंजत नाही. ते कवच दोन गोष्टींनी जातं. एक म्हणजे मीठ. इथे जुन्या काळात समुद्राकाठची वाळू आणि खारं पाणी काँक्रीटमध्ये गेलं, आणि समुद्राची खारी हवा तर रोजचीच. दुसरी गोष्ट हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि सिमेंटची ताकद, म्हणजे सळईला राखण्याची ताकद, मारून टाकतो.

मग सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा खातो. त्याला आत जागा मिळत नाही, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो, मग तांबूस डाग, मग आतल्या आत थर सुटतो. बाहेरून प्लास्टर आणि रंग झकास असतो. आत पोकळ.

हे ओळखायला तुम्हाला इंजिनिअर असावं लागत नाही. आपल्या आया बाजारात मडकं घेताना काय करतात? बोटाने टिचकी मारतात. खणखणीत वाजलं तर घेतात, बद्द वाजलं तर ठेवून देतात. काँक्रीटचं तेच आहे. हातोडीने हळू ठोकत जा. चांगलं काँक्रीट खणखणतं. थर सुटलेलं बद्द वाजतं. हजारो दिरहमची मशीन घेऊन येणारा कन्सल्टंटचा माणूससुद्धा सुरुवात हातोडीनेच करतो आणि बद्द वाजलं तिथे खडूने गोल मारतो.

त्यानंतर तो आणखी तपासण्या करतो. भिंतीवर आडवी-उभी फिरवायची छोटी पेटी बघितली असेल, ती सळई कुठे आणि किती खोल आहे ते सांगते. ताज्या फोडलेल्या जागेवर पाण्यासारखं औषध मारतात, ते फिनॉल्फ्थॅलीन. जागा गुलाबी झाली तर काँक्रीट अजून सळईला राखतंय. रंगच आला नाही तर तिथलं कवच गेलं. पण गुलाबी आलं म्हणजे मीठ नाही असं समजू नका, मिठाची तपासणी वेगळी असते, त्यासाठी भोक पाडून पावडर लॅबला नेतात. गोल नळीसारखा तुकडा कापून नेतात तो ताकद बघायला.

या सगळ्याचा रिपोर्ट होतो. त्यात लिहिलेलं असतं की कुठला स्लॅब किती खराब, आधी काय टेकवायचं, किती तुकड्यांत फोडायचं, किती खोल जायचं. मालकाने पैसे मोजून हे लिहून घेतलेलं असतं.

मग हे तुमच्यापर्यंत का येत नाही?

बघा, कागदाचा प्रवास कसा होतो. मालक कन्सल्टंटला सांगतो. कन्सल्टंट रिपोर्ट आणि ड्रॉइंग मेन कॉन्ट्रॅक्टरला देतो. मेन कॉन्ट्रॅक्टर कामाची पद्धत लिहितो आणि काम सब-कॉन्ट्रॅक्टरला देतो. सब-कॉन्ट्रॅक्टर माणसं लेबर सप्लायवाल्याकडून घेतो. मग माझ्यासारखा सुपरवायझर, मग फोरमन, आणि शेवटी ब्रेकर हातात घेतलेले तुम्ही. रिपोर्ट निघतो तेव्हा साठ-सत्तर पानांचा असतो. तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा एकच शब्द उरतो : "फोड."

आणि उलट दिशेने तर काहीच जात नाही. इमारतीचं दुखणं सगळ्यात आधी कोणाला कळतं? ज्याच्या हातात हातोडा आहे त्याला. ब्रेकर अचानक सरकन आत गेला, सळई बोटाएवढी असायची ती काडीएवढी निघाली, पाणी कुठून तरी झिरपतंय, हे कन्सल्टंटला एसीत बसून दिसत नाही. रिपोर्ट काही ठिकाणी ठोकून, काही ठिकाणी भोक पाडून लिहिलेला असतो. बाकीचा अंदाज असतो. उरलेली तपासणी तुमचे हात करतात. तुम्ही "साहेब, इथे वेगळंच लागतंय" म्हणता, ते सुद्धा इंजिनिअरिंगच आहे. ते ऐकणं माझं काम आहे. मी ते एकदा ऐकलं नाही.

ती बाल्कनी

कंपनीचं नाव घेत नाही. देऱ्यातली एक जुनी इमारत होती, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. बाल्कन्या दुरुस्त करायच्या होत्या.

बाल्कनी म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला हात. साध्या स्लॅबची मुख्य सळई खालच्या बाजूला असते. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण हात खाली झुकू नये म्हणून तो वरून ओढून धरावा लागतो. म्हणून बाल्कनी वरून फोडताना तुम्ही तिच्या जीवावरच घाव घालत असता. वजनाचा हिशोब करा. तीन मीटर लांब, सव्वा मीटर बाहेर, पंधरा सेंटिमीटर जाड. एक घनमीटर काँक्रीट अडीच टनाच्या आसपास. म्हणजे ही एवढीशी बाल्कनी जवळपास चौदाशे किलोची. त्यावर तुम्ही, ब्रेकर आणि मलबा.

म्हणून आधी खालून प्रॉप लावायचे. आणि प्रॉप फक्त एका मजल्यावर लावून भागत नाही. दुसऱ्या मजल्याचे प्रॉप पहिल्या मजल्याच्या बाल्कनीवर उभे राहिले आणि तीही आजारीच असेल, तर आपण एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसवलं. प्रॉपची रांग थेट जमिनीपर्यंत न्यावी लागते. आमच्या ड्रॉइंगमध्येही तसंच होतं.

आदल्या संध्याकाळी खालच्या दुकानदाराने तक्रार केली की प्रॉपमुळे गिऱ्हाईक आत येत नाही. कोणीतरी सांगितलं, कोणीतरी तळमजल्याचे प्रॉप काढले. सकाळी माझ्यासमोर परमिटचा कागद आला. त्यात एक ओळ होती, प्रॉपिंग जमिनीपर्यंत तपासलं. आदल्या दिवशी मी ते बघितलं होतं. त्या सकाळी खाली जाऊन बघितलं नाही. तीन साइट बघायच्या होत्या. मी सही केली.

दुसऱ्या मजल्यावर परभणीकडचा एक पोरगा होता, चोवीस-पंचवीसचा. तासाभरात त्याने मला हाक मारली. म्हणाला, "साहेब, भिंतीजवळ लई बद्द वाजतंय. आन् सळई बी बारीक निघाली." मी खालूनच वर बघितलं आणि म्हणालो, "कर, कर, दुपारच्या आत तेवढी पट्टी उरकून टाक."

वीस मिनिटांनी पहिल्या मजल्याची बाल्कनी वाकली, तिच्यावरचे प्रॉप सरकले आणि दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीचा कोपरा खाली आला. त्याने बेल्ट लावला होता. पण हुक कुठे? त्याच बाल्कनीच्या जुन्या रेलिंगला. रेलिंग त्याच्यासोबतच आलं. तो एक मजला खाली पडला, पायावर काँक्रीट आलं. जीव वाचला. डावा पाय घोट्यापासून कायमचा गेला तसाच, वळत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक कागद टेबलावर होता. त्या सकाळच्या टूलबॉक्स टॉकच्या हजेरीचा. इंग्रजीत लिहिलेलं होतं की कामगाराला सगळ्या सूचना दिल्या, बेल्ट मजबूत जागी लावायला सांगितलं, त्याला समजलं. खाली त्या पोराची सही. मी तिथे होतो. त्या सकाळी टूलबॉक्स टॉक झालाच नव्हता. बसमधून उतरताना कागद फिरवला होता, सगळ्यांनी रांगेत सह्या केल्या होत्या.

बोलण्याचा सूर असा होता की पोराने सूचना मोडली. मी तीन दिवस गप्प बसलो. माझीही सही परमिटवर होती, माझाही व्हिसा कंपनीचाच होता, माझ्याही घरी हप्ता होता. चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तो मला म्हणाला, "साहेब, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?" तक्रार करत नव्हता. खरंच विचारत होता. त्याला शंका यायला लागली होती की आपण सांगितलं की नाही.

मग मी लिहून दिलं. प्रॉप मी तपासले नव्हते, त्याने मला सांगितलं होतं, टॉक झाला नव्हता. माझी पगारवाढ थांबली आणि मला दुसऱ्या साइटवर टाकलं. त्याचे उपचार आणि पगार मिळाले, भरपाई मिळाली, तो गावी गेला. मी फार मोठं काही केलं असं कृपा करून समजू नका. मोठं काम त्या सकाळी वीस पायऱ्या उतरून खाली बघण्याचं होतं. ते मी केलं नाही.

सहीची किंमत

आता कायदा ऐका, कारण त्या कागदाची गोम कायद्यातच आहे.

इथे यूएईत खासगी कंपनीतल्या कामगारांसाठी 2021 चा 33 क्रमांकाचा कायदा आहे, तो 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झाला. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत उपचाराचा खर्च मालकाचा. काम करता येत नसेल तर सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतरही बरं नसेल तर पुढचे सहा महिने अर्धा. कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई. मृत्यू झाला तर घरच्यांना चोवीस महिन्यांचा मूळ पगार, कमीत कमी 18,000 आणि जास्तीत जास्त 2,00,000 दिरहम.

पण त्याच कायद्यात आहे की दिसेल अशा ठिकाणी लावलेल्या सुरक्षेच्या सूचना कामगाराने जाणूनबुजून मोडल्याचं सिद्ध झालं, तर भरपाई नाकारता येते. आता कळलं तुमची सही कशाला लागते? टूलबॉक्स टॉक हा चांगला रिवाज आहे. पाच मिनिटं आपल्याला कळेल अशा भाषेत बोललं तर त्याने जीव वाचतो. पण न बोलता घेतलेली सही तुमच्याच विरुद्ध उभी राहते.

म्हणून सही करण्याआधी म्हणा, "साहेब, हिंदीत सांगा, मग करतो." भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. शक्य असेल तर मोबाइलवर कागदाचा फोटो. साइटवर फोटोला बंदी असेल तर रात्री वहीत लिहा : तारीख, वेळ, काय काम, कोणी सांगितलं, आपण काय सांगितलं. ज्याला काही सांगायचं ते चारचौघांसमोर सांगा. किंवा फोरमनला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाका : "दुसऱ्या मजल्यावर बद्द आवाज येतोय, सळई बारीक आहे, येऊन बघा." त्या पोराकडे असा एक मेसेज असता तर त्याला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं.

कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. कामाच्या जागी जिवाला गंभीर धोका आहे, मालकाला तो माहीत आहे आणि तरी तो काही करत नाही, तर कामगार नोटीस न देता नोकरी सोडू शकतो, त्याचे हक्काचे पैसे बुडत नाहीत. आणि करारातल्या कामापेक्षा अगदीच वेगळं काम तुमच्या लेखी संमतीशिवाय कायमचं लादता येत नाही. करारात पेंटर आणि हातात ब्रेकर, हे चालत नाही. पण रागाच्या भरात उठून निघून जाऊ नका. आधी विचारा, आधी नोंद करा. कामगार मंत्रालयाचा नंबर 600590000, तिथे हिंदी-उर्दूत बोलता येतं. भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा नंबर 800 46342, तो चोवीस तास चालू असतो. दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला, मी थांबतो.

काम सुरू करण्याआधी पाच प्रश्न

हे पाठ करा. मी माझ्या माणसांना रोज सकाळी हेच विचारायला लावतो, आणि उत्तर मला द्यावं लागतं.

पहिला : मी जे फोडतोय त्याचं वजन आत्ता कोणावर आहे? बाल्कनी, बीम, कॉलम असेल तर टेकू कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. काल होता म्हणजे आज आहे असं नाही.

दुसरा : किती खोल आणि किती रुंद? एकदम सगळं उघडं करायचं नसतं, तुकड्या-तुकड्याने करायचं असतं. साधारणपणे सळईच्या मागे बोट जाईल एवढं खोल जातात, कारण मागे खराब काँक्रीट राहिलं तर दोन वर्षांत पुन्हा फुगतं. पण कॉलमला असं चारी बाजूंनी सोलायचं नाही.

तिसरा : सळई किती बारीक निघाली की थांबायचं? याचं उत्तर तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, इंजिनिअरने ठरवायचं. तुम्ही फक्त दाखवायचं. गंजलेली सळई स्वतःहून कापायची नाही, कितीही नडली तरी.

चौथा : माझा हुक कशाला आहे? जे फोडतोय त्याला नाही, जुन्या रेलिंगला नाही, पाइपाला नाही, लटकणाऱ्या पाळण्यालाच नाही. पाळण्यात उभे असाल तर बेल्ट वरून सोडलेल्या वेगळ्या दोरीला. पाळणा पडला तरी तुम्ही लटकून राहिलं पाहिजे.

पाचवा : भिंतीत चालू लाइन आहे का? जुन्या इमारतीचं वायरिंग नकाशाप्रमाणे नसतं. लाइन बंद केली आणि कुलूप लावलं हे दाखवा म्हणायचं.

धूर, धूळ आणि गॅस

बाहेरच्या पत्र्यांबद्दल थोडक्यात. चकचकीत अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये काळसर प्लास्टिकचा थर असतो. जुन्या पत्र्यांत तो थर पॉलिथिलीनचा, मेणासारखा जळतो. दुबईतला टॉर्च टॉवर 2015 च्या फेब्रुवारीत पेटला आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पेटला. 31 डिसेंबर 2015 च्या रात्री अॅड्रेस हॉटेल पेटलेलं आपल्यातल्या कित्येकांनी टीव्हीवर बघितलं. जून 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, 72 माणसं गेली. तिथेही इमारत जुनीच होती, सुधारणा म्हणून बाहेरून नवे पत्रे लावले होते. म्हणजे चुकीची सुधारणा मूळच्या इमारतीपेक्षा वाईट.

यूएईने आता नियम कडक केलेत, म्हणून बदलायचं काम निघतं. त्या कामात उतरवलेले पत्रे बाल्कनीत रचून ठेवू नका. उघड्या थराजवळ ग्राइंडर, वेल्डिंग परमिटशिवाय नाही. आणि प्रत्येक मजल्याला आग अडवायला जी पट्टी बसवतात ती कोपऱ्यात आखूड पडली तर "झाकून टाक" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्या फटीतून आग वर चढते. वरच्या मजल्यावर कोणाची तरी पोरं झोपलेली असतात.

धुळीचं सांगतो. काँक्रीट कोरडं कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुफ्फुसात बसते ती बसतेच, दूध-गूळ खाऊन निघत नाही. पाणी मारून कापा. निळा डॉक्टरी मास्क तिला अडवत नाही, गालाला घट्ट बसणारा धुळीचा मास्क मागा. जुन्या गच्चीवर किंवा शाफ्टमध्ये राखाडी सिमेंटचे पत्रे, पाइप दिसले तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. यूएईने अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर 2006 मध्ये बंदी घातली, पण आधीचे कुठे कुठे शिल्लक आहेत. आपल्या गावाकडे गोठ्यावर तेच पत्रे असतात म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. तोडू नका, कापू नका, झाडू नका. थांबा आणि सांगा. ते काढायला वेगळी माणसं, वेगळे कपडे लागतात.

टाकी आणि गटारात उतरण्याआधी हवा मशीनने तपासून घ्या. आत गेलेला साथीदार पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. माया वाटते, मला कळतं. पण दोन जण जातात. बाहेरून ओढायला दोरी आणि बाहेर एक माणूस आधीपासून हवा.

आणि ऊन. 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद. गच्ची आणि बाहेरचा पाळणा हे उघड्यावरचंच काम. सौदीत बारा ते तीन, कतारमध्ये 1 जूनपासून सकाळी दहा ते साडेतीन. कोणी "आतलंच काम आहे" म्हणून बाल्कनीत उभं करत असेल तर ती बाल्कनी आत नाही, बाहेर आहे.

घरी गेल्यावर

शेवटचं. हे सगळं इथेच सोडून जाऊ नका. इथल्या कमाईतून आपण गावाकडे घर बांधतो, नाहीतर कल्याण, पनवेल, मुंब्र्याकडे खोली घेतो. कोकणातल्यांनी खाडीची रेती न धुता वापरू नका, तिच्यात तेच मीठ आहे जे तुम्ही इथे रोज फोडून काढता. महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020 ला पाच मजली इमारत पडली. ती पन्नास वर्षांची जुनी नव्हती, जेमतेम दहा वर्षांची होती. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचा कायदाच आहे. सोसायटीच्या मीटिंगला गेलात आणि कोणी म्हणालं की "आतून काही नाही, वरून रंग मारून घेऊ", तर तुम्ही उठून जिन्याखालचा बीम ठोकून दाखवा. तिथल्या कुठल्याही साहेबापेक्षा तो आवाज तुम्हाला जास्त कळतो.

परभणीच्या त्या पोराशी महिन्या-दोन महिन्यांनी बोलणं होतं. त्याने गावात किराणा दुकान टाकलंय. मागच्या वेळी म्हणाला, गावातल्या शाळेचा व्हरांडा त्याने काठीने ठोकून बघितला आणि एका कोपऱ्यात बद्द वाजला. सरपंचाला सांगितलं, सरपंच हसला. त्याने तारीख घालून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली.

पोच घेतली, हे महत्त्वाचं.

चला, उशीर झाला. ज्यांच्या साइटवर उद्या बाल्कनी किंवा कॉलमचं काम आहे त्यांनी जाण्याआधी मला भेटा. कुठली इमारत, कुठला मजला आणि टेकू कुठपर्यंत आहेत तेवढं सांगा. माहीत नसेल तर सकाळी पहिल्यांदा खाली उतरून बघा, मग सही करा.